पाच हजारांत नाटक गावापर्यंत पोचवायचं तर

हौशी संस्थेनं दोन अंकी नाटक बसवलंय, गाव सांगली, आणि प्रसिद्धीसाठी सगळे मिळून ५,००० रुपये आहेत, असं धरून ही तयारी लिहिते आहे.

प्रसिद्धीचं पहिलं काम म्हणजे तारीख. दहावी-बारावीच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च टाळा, दाट लग्नतिथी टाळा, आणि त्याच आठवड्यात मुंबईचं एखादं व्यावसायिक नाटक लागणार आहे का ते नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना विचारून घ्या. जुलै-ऑगस्टच्या वाटेला जाऊच नका. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी चढायला लागलं की अख्खं गाव पातळीचे आकडे बघत बसतं. २०१९ आणि २०२१ चे पूर कुणी विसरलेलं नाही. नोव्हेंबर मात्र उत्तम. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली याच गावात ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, भावे गौरवपदक दिलं जातं, आणि त्या सुमारास स्थानिक वर्तमानपत्रांत नाटकाच्या बातमीला जागा मिळते. ५ तारीख मोठ्या समारंभाची, ती सोडा. नंतरचा रविवार घ्या. वेळ संध्याकाळी ६ ची. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटल्यावर विश्रामबाग उपनगराकडच्या आजी-आजोबांनी घरी जायचं कसं, याचा विचार तिकीट विकण्याआधी करायला हवा.

लेखकाची लेखी परवानगी आणि नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय एक कागदही छापायला देऊ नका. संहिता वेळेत पाठवा, लेखकाचं मानधन आधी ठरवा. ५,००० मध्ये ते धरलेलं नाही, आणि त्याला कात्री लावून पत्रकं छापणं मला पटत नाही.

फोटोसाठी रंगीत तालमीपर्यंत थांबलात तर उशीर होईल. महिनाभर आधी एका सकाळी दोनच पात्रांना वेशभूषेत उभं करा आणि चेहरे मोठे दिसतील असे उभे-आडवे फोटो काढा. सगळे कलाकार एका फोटोत कोंबले की मोबाईलवर एकही चेहरा ओळखू येत नाही. सोबत नाटकाविषयी एक वाक्य हवं. ‘हृदयस्पर्शी कौटुंबिक नाटक’ वाचून कुणी उठून येत नाही. ‘बाप राहतं घर विकायला काढतो आणि तिन्ही मुलं एकाच दिवशी गावी येतात’, हे वाचल्यावर पुढं काय होतं ते बघावंसं वाटतं. पत्रकावर तारखेबरोबर वारही लिहा. तो हमखास राहून जातो.

आता खरं काम. दोनशे पानी वही घ्या आणि तालमीला ती फिरवा. नट-नट्याच नाहीत, तर प्रकाशयोजना, रंगभूषा, कपडेपट, नेपथ्य बघणाऱ्या प्रत्येकानं आपल्या ओळखीतली वीस-वीस नावं लिहायची. ‘ऑफिसमधले सगळे’ असं चालणार नाही. कुलकर्णी काका, शेजारच्या वहिनी, शाळेतल्या बाई, अशी माणसं हवीत. मग त्यांना भेटायचं, निदान फोन करायचा. व्हॉट्सॲपचा संदेश त्यानंतर. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात खरे, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो संदेश पोचतो, आणि पोचला तरी सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. गावात माणूस नाटकाला येतो तो कुणीतरी ‘तुम्ही यायचंच’ म्हटलं म्हणून. भेटायला जाताना स्थळप्रतीसह क्रमांक घातलेली तिकीट पुस्तकं जवळ असू द्या आणि पैसे तिथंच घ्या. ‘येतो हं’ म्हणणाऱ्यातले बरेच जण येत नाहीत. तिकीट खिशात असलेला येतो.

फुकट पास वाटू नका. पास घेतलेला माणूस थोडा पाऊस आला तरी घरी बसतो, आणि त्याची रिकामी खुर्ची रंगमंचावरून दिसते. विद्यार्थ्यांना तिकीट स्वस्त करा, ज्येष्ठ नागरिक संघाला किंवा भिशीच्या मंडळाला वीस तिकिटांवर दोन जास्त द्या, पण काहीतरी मोल घ्या. आमराई बागेत सकाळी फिरायला येणारे, ग्रंथालयात रोज पेपर वाचणारे, विलिंग्डन-वालचंद महाविद्यालयांतली एकांकिका करणारी मुलं, हे तुमचे हक्काचे प्रेक्षक. मुलांना एखाद्या तालमीला बोलवा. ती आपली आपण बोलतील.

पैसे यानंतर काढायचे. थोडी पोस्टरं दुकानदारांना, डॉक्टरांना विचारून त्यांच्या काचेवर लावा. भिंती रंगवू नका, कागद चिकटवू नका. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे, शिवाय आपलंच गाव घाण होतं. फ्लेक्स एकच, नाट्यगृहाच्या दारात, तोही परवानगीनं. पत्रकं पेपरात घालायची तर पहाटे विक्रेत्यांकडे स्वतः जा आणि नाट्यगृहाच्या आसपासच्याच गल्ल्या सांगा. वर्तमानपत्राची बातमी दीडशे शब्दांत लिहून दुपारी कार्यालयात नेऊन द्या. संध्याकाळी पानं लागत असताना कुणाला बोलायला सवड नसते. सांगली आकाशवाणीला पत्र तीन-चार आठवडे आधी. उरलेल्या पैशांत रविवारच्या अंकात छोटी जाहिरात.

प्रयोगाच्या दिवशी तिकीट खिडकीवर सुटे पैसे आणि क्यूआर कोडचा फलक ठेवा. बाहेर पडायच्या दारापाशी टेबल, त्यावर वही-पेन आणि वही घेऊन उभा राहणारा हसतमुख माणूस. पुढच्या नाटकाचं कळवलेलं ज्यांना आवडेल त्यांचीच नावं-नंबर घ्यायचे. आणि दुसऱ्या प्रयोगाची तारीख आधीच घेऊन ठेवा, म्हणजे पडदा पडल्यावर ओळख करून देताना ती मंचावरूनच सांगता येईल आणि त्याच टेबलावर तिकिटं देता येतील.