ब्लोअर बंद पडला म्हणून लगेच मोटर बदलू नका, आधी या चुका टाळा

भर पावसात घाट चढताना समोरच्या काचेवर वाफ धरते आणि नेमका तेव्हाच ब्लोअर (डॅशबोर्डमधून हवा फेकणारा पंखा) चालत नाही, तेव्हा काय होतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच माहिती. म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

हीटर आणि एसीला ब्लोअर एकच असतो. हवा जोरात येतेय पण गरमच होत नाहीये, तर ब्लोअरला हात लावू नका, इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) किती आहे बघा, नाहीतर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असू शकतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ब्लोअर फक्त ४ नंबरवर चालतो, १-२-३ ला गप्प, आणि लोक मोटर बदलतात. अहो, फुल स्पीडला मोटर मस्त पळतेय ना, मग ती खराब कशी? गेलाय तो रेझिस्टर (करंट कमी करून मोटरचा स्पीड कमी ठेवणारा भाग), कारण फुल स्पीडला करंट त्याला वगळून थेट मोटरला जातो. माझ्या गाडीत एका गॅरेजवाल्याने नवी मोटर टाकली, पैसे घेतले, आणि प्रॉब्लेम जिथल्या तिथे, शेवटी रेझिस्टरच जळालेला निघाला आणि त्याचा कपलरही (वायरी जोडणारा प्लग) वितळलेला. पण नवा रेझिस्टर पण थोड्या दिवसांत जळाला तर मात्र मोटरवर संशय घ्या, ती जाम होऊन जास्त करंट ओढत असेल, किंवा केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) चोंदला असेल, कारण रेझिस्टर ब्लोअरच्याच हवेने गार होतो.

फ्यूज उडतोय म्हणून २० च्या जागी ३० अँपिअरचा टाकणं तर अजिबातच नको, मग फ्यूजऐवजी वायर जळते आणि ती डॅशबोर्डच्या आत असते.

मल्टिमीटरने पण लोक फसतात. मोटरचा कपलर काढून मोजलं, १२ व्होल्ट आले, झालं, मोटर गेली! असं नसतं. अर्थिंग ढिलं असलं किंवा पिना गंजल्या असल्या तरी लोड नसताना, म्हणजे मोटर जोडलेली नसताना, १२ दिसू शकतात. कपलर लावलेलाच ठेवा, स्विच फुलवर करा आणि कपलरच्या मागून पिन घालून मोटरच्या दोन्ही वायरींमध्ये मोजा. १२ च्या आसपास येतायत तरी फिरत नाही, तर मोटर गेली. व्होल्टेज नाहीच किंवा खूप कमी, तर फ्यूज, रिले, स्विच, अर्थिंग बघा.

मोटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूच ठोकल्यावर फिरायला लागली तर आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) घासलेत, ती परत बंद पडणारच.

आणि नुसता खरखर-टकटक आवाज येत असेल तर ग्लोव्ह बॉक्स उतरवून आधी पंख्यात डोकवा. झाडाखाली गाडी उभी राहते त्यांच्या पंख्यात पानं निघतात, कधी उंदराने आणलेला कापूस पण, आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत केबिन फिल्टर नसतोच, मग कचरा सरळ आत.

ऑटोमॅटिक एसीवाल्या गाड्यांत बहुतेक वेळा साध्या रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे १ ते ४ नंबरचा हा हिशोब लावत बसू नका.