पोटशूळातून उठलेल्या घोड्याची शुश्रूषा

घोड्याच्या पोटशूळावर उपचार करणे हे पशुवैद्यकांचे काम आहे. परंतु नाकातून नळी घालून, इंजेक्शन देऊन डॉक्टर परतल्यानंतरचा आठवडा पूर्णपणे मालकाच्या आणि मोतद्दाराच्या (घोड्याची निगा राखणाऱ्याच्या) हाती असतो, आणि घोडा सावरतो की पुन्हा आडवा होतो हे बहुधा त्याच आठवड्यात ठरते. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेला घोडा टेम्पोत उभा राहून लांबचा प्रवास करतो, वाटेत पुरेसे पाणी पीत नाही, नव्या घरी पोचताच कौतुकाने त्याच्यापुढे भरपूर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, ठेवली जाते, आणि एकदोन दिवसांत तो वळून वळून आपल्या कुशीकडे पाहू लागतो. ही यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे ऐन थंडीत भरत असल्यामुळे पाणी गार असते आणि घोडा ते आणखीच कमी पितो. अशा वेळी मोठ्या आतड्यात कोरडी वैरण घट्ट बसून जो पोटशूळ होतो, तो डोळ्यांसमोर ठेवून ही माहिती दिली आहे. आतड्याला पीळ पडून शस्त्रक्रिया झालेल्या घोड्याचे पथ्य निराळे असते आणि ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे.

पहिल्या दिवशी एक वही तबेल्यातच ठेवावी आणि दर दोन-तीन तासांनी तिच्यात नोंद करावी. खालच्या जबड्याच्या कडेला आतल्या बाजूने बोटे फिरवली की दोरीसारखी सरकणारी एक धमनी हाताला लागते. तिच्यावर हलकेच बोटे टेकवून ठोके मोजावेत. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि ताप ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असतो. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबावी. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. दोन्ही कुशींना कान लावल्यास आतड्याची गुरगुर ऐकू यावी. नाडी ६० च्या वर टिकून राहिली, हिरड्या विटकरी किंवा जांभळट दिसू लागल्या, अथवा कुशीत काहीच आवाज येईनासा झाला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. ओळखीचे डॉक्टर नसल्यास शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक आहे.

वेदनाशामक इंजेक्शन कधी दिले ती वेळ वहीत ठळक लिहावी. औषधाचा अंमल असेपर्यंत घोडा शांत दिसतो, म्हणून तो बरा झाला असे समजू नये. अंमल उतरल्यावर तो कसा वागतो, तीच खरी परीक्षा असते. घरात उरलेले इंजेक्शन आपल्या मनाने पुन्हा टोचणे तर फारच धोक्याचे आहे, कारण शरीरातील पाणी कमी झालेल्या घोड्याच्या मूत्रपिंडांना आणि जठराला अशा औषधांचा दुसरा डोस इजा करू शकतो. बाटलीने किंवा बांबूच्या नळकांड्याने तेल पाजण्याची पद्धतही कटाक्षाने सोडून द्यावी. घोड्याला उलटी होत नाही, आणि तोंडावाटे ओतलेले तेल फुप्फुसात गेले तर होणारा न्यूमोनिया मूळ आजारापेक्षा अधिक घातक ठरतो.

नळीने पाजलेले औषधी तेल साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत लिदेबरोबर बाहेर पडू लागते. ते दिसले की मालकाचा जीव भांड्यात पडतो. पण तेल कधी कधी अडकलेल्या गोळ्याच्या कडेने निसटून येते, त्यामुळे तेवढ्यावरून आतडे मोकळे झाले असे मानू नये. चांगल्या प्रमाणात, जमिनीवर पडताच फुटणारी ओलसर लीद वारंवार येऊ लागली, म्हणजे वाट मोकळी झाली. गोळे लहान, कडक आणि चिकट पडद्याने झाकलेले असतील तर अजून थांबावे.

या सगळ्यात पाण्याचे महत्त्व सर्वांत जास्त आहे. साडेतीनशे ते चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला २० ते ३० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून बरेच अधिक. थंडीत ते कोमट करून द्यावे. एका बादलीत साधे पाणी आणि दुसरीत चिमूटभर मीठ घातलेले पाणी ठेवले तर पुष्कळ घोडे आपणहून अधिक पितात. साधे पाणी मात्र कधीही काढून घेऊ नये. आपोआप भरणाऱ्या हौदापेक्षा बादली बरी, कारण घोडा नेमके किती प्याला ते कळते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच वैरण सुरू करावी, आणि तीही ओंजळीच्या मापाने. पहिल्या दिवशी कोवळी हरळी किंवा भिजवलेले गवत दर तीन तासांनी थोडे थोडे द्यावे, अथवा मोहोरकी (तोंडाला बांधलेली दोरी) धरून दहा-पंधरा मिनिटे चरू द्यावे. पोट दुखले नाही आणि लीद नीट आली, तर दर दिवशी प्रमाण वाढवत पाच ते सात दिवसांत पूर्ण वैरणीवर यावे. जाड धांड्यांचा कोरडा कडबा मात्र या काळात अजिबात घालू नये, कारण पुष्कळदा अडथळा त्यानेच झालेला असतो. कोवळी हिरवी ज्वारीही विषबाधेच्या भीतीमुळे टाळावी. चंदी सगळ्यात शेवटी. हरभरा, जव किंवा ओट जे काही द्यायचे असेल ते वैरण सुरळीत झाल्यानंतर पाव किलोपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवावे, आणि एका वेळी दोन किलोंच्या वर जाऊ नये. अशक्तपणा भरून काढण्यासाठी शेजारच्या गोठ्यातले किंवा कुक्कुटपालनाचे तयार खाद्य देण्याचा मोह होतो, तो आवरावा. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते आणि ते अगदी थोड्या मात्रेतही घोड्याचा जीव घेते.

दिवसातून चार-पाच वेळा दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरवल्याने आतड्याची हालचाल वाढते. थकलेल्या घोड्याला तासन्‌तास चालवत ठेवण्याने मात्र त्याची उरलेली ताकद खर्च होते. तो लोळला म्हणून लगेच घाबरू नये: सुखाने लोळलेला घोडा उठून अंग झाडतो, तर दुखण्याने लोळणारा बहुधा अंग न झाडताच पुन्हा बसतो. रोज खुरांवर हात ठेवून पाहावे. खूर गरम लागले, किंवा घोडा पुढचे पाय पुढे टाकून वजन मागे झुकवू लागला, तर खुरांचा दाह सुरू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घोडा सावरला की दात तपासून घ्यावेत, कारण टोकदार दाढांमुळे वैरण नीट चावली जात नाही. लिदेची तपासणी करून जंताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. माथेरानसारख्या मातीच्या वाटांवर उभ्या राहणाऱ्या घोड्यांची वैरण जमिनीवर न टाकता गव्हाणीत किंवा तोबऱ्यात (तोंडाला अडकवायच्या पिशवीत) द्यावी, म्हणजे माती पोटात जात नाही. पूर्ण वैरण आणि नेहमीसारखी लीद सुरू होऊन आठवडा झाल्यावर प्रथम रिकाम्या पाठीने, नंतर खोगीर घालून अर्धा तास, अशा क्रमाने कामाला लावावे. वरातीची सुपारी आधी घेतलेली असली, तरी त्या दिवसासाठी दुसरी घोडी पाठवावी.