गावाबाहेर गाडीची बॅटरी उतरली तर या चुका टाळा

मे महिन्यातल्या एका दुपारी घाटंजीहून पांढरकवड्याकडे जाताना आमची गाडी वाटेत अडकली, आणि चुकांची सुरुवात माझ्यापासूनच झाली. कडुनिंबाच्या सावलीत डबा खाताना इंजिन बंद ठेवून पंखा आणि गाणी पाऊण तास सुरू ठेवली होती. नंतर सेल्फ मारला, तर नुसता टिक-टिक आवाज आला. घाबरून मी लागोपाठ दहा-बारा वेळा किल्ली फिरवली आणि बॅटरीत जे काही उरले होते तेही संपवले. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर स्टार्टर तापून बॅटरीच्या जोडीला त्याचाही खर्च येतो.

दोष खरोखर बॅटरीचाच आहे का, हे मदत मागण्याआधी पाहावे. सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही, असे असेल तर बॅटरी ठीक असून इंधन किंवा अन्य बिघाड शोधावा लागतो. टिक-टिक आवाज येऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. आमच्या बॅटरीच्या धन टर्मिनलवर हिरवट-पांढरा खार इतका दाट साचला होता की खालचे शिसे दिसत नव्हते, आणि त्यावरची पकड बोटांनी हलत होती. शेजारच्या शेतातून आलेल्या काकाजींनी दहा नंबरचा पाना आणून दिला. खार खरवडून पकड घट्ट केल्यावर आवाजात थोडा जोर आला, पण गाडी काही सुरू झाली नाही. अनेकदा मात्र एवढ्यावरच काम होते. त्या खारात आम्लाचा अंश असतो, म्हणून तो हाताला किंवा डोळ्यांना लागू देऊ नये.

आपल्या भागात सर्वांत महागात पडणारी चूक यापुढे होते. रस्त्यावर जे वाहन पहिले दिसेल त्याला हात दाखवला जातो आणि ते बहुधा ट्रक असते. मोठ्या ट्रकमध्ये आणि बसमध्ये सहसा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्टची व्यवस्था केलेली असते, तर मोटार 12 व्होल्टवर चालते. हा दुप्पट दाब मोटारीला दिला तर तिचा कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनवर नियंत्रण ठेवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, जळू शकतो, आणि त्याची किंमत नव्या बॅटरीच्या कितीतरी पट असते. ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा 12 व्होल्टची आणि चांगल्या ताकदीची असते, त्यामुळे खेड्यात तोच खरा आधार आहे. तरीही बॅटरीवरचा आकडा वाचल्याशिवाय काही जोडू नये. फवारणी पंपाची बॅटरी 12 व्होल्टचीच असली तरी सेल्फला लागणारा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह ती देऊ शकत नाही. घरच्या फिटिंगची किंवा मोटारपंपाची वायर जोडण्याचा मोहही टाळावा, कारण ती या प्रवाहाने तापून वितळते. जाड जम्पर केबलच हवी.

केबल जोडण्याचा क्रम ठरलेला आहे. दोन्ही वाहने एकमेकांना न टेकवता बंद करावीत. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि मग ट्रॅक्टरच्या धन टोकाला लावावा; काळा चिमटा ट्रॅक्टरच्या ऋण टोकाला, आणि शेवटचा काळा चिमटा आपल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला लावावा. यामागे कारण आहे: शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो. बघ्यांपैकी कोणी बिडी ओढत बॉनेटवर वाकले असेल, तर त्याला आधी दूर पाठवावे. ट्रॅक्टर सुरू करून चार-पाच मिनिटे चालू द्यावा, मग सेल्फ मारावा, आणि गाडी सुरू झाल्यावर चिमटे उलट क्रमाने काढावेत.

धक्का मारून सुरू करायची असेल तर चावी ऑन, दुसरा गिअर आणि क्लच दाबलेला हवा. गाडीने वेग घेतला की क्लच झटक्यात सोडावा. ऑटोमॅटिक गाडीला धक्क्याचा उपयोग नाही. चिखलदऱ्याच्या घाटासारख्या उतारावर हा प्रयोग करूच नये, कारण इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

मेळघाटात किंवा ताडोबाच्या वाटेवर संध्याकाळ झाली असेल, तर मदतीच्या शोधात पायी निघू नये. काचा लावून गाडीतच थांबावे. रेंज असेल तर राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि इतरत्र 112 या क्रमांकावर कळवावे.

गाडी सुरू झाली की अल्टरनेटर (चालू इंजिनवर वीज तयार करून बॅटरी भरणारा भाग) तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी सवय आजही अनेक ठिकाणी दिसते. नव्या गाड्यांत त्यामुळे व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. इंजिन बंद न करता, एसी न लावता निदान अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी आणि नंतर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी.

आपल्याकडे बॅटरी थंडीत दगा देते असे वाटते, परंतु तिचे नुकसान आधीच्या 45 अंशांच्या उन्हात झालेले असते: पाणी उडते, आतल्या प्लेटा झिजतात, आणि डिसेंबरच्या पहाटे ते फक्त उघड होते. पांढरकवड्याला मेकॅनिकने मीटर लावला तेव्हा चालू इंजिनवर 14.1 व्होल्ट दिसले, म्हणजे अल्टरनेटर ठीक होता. इंजिन बंद करून तासाभराने पाहिले तर आकडा 11.9 होता, जो चांगल्या बॅटरीत 12.6 च्या आसपास असायला हवा. बॅटरीचा तो चौथा उन्हाळा होता. आम्ही ती तिथेच बदलली.