सौम्य हिवाळ्यासाठी घराची तयारी

बर्फ पडत नाही अशा ठिकाणी घर गारठतं ते बरंचसं फटींमुळे. वारं असेल त्या दिवशी पेटलेली उदबत्ती खिडकीच्या चौकटीजवळून सावकाश फिरवा (पडदे आधी बाजूला करा). धूर जिथे एकदम आडवा पळेल, तिथे फट.

बिजागरीच्या दारा-खिडक्यांना फोमची चिकटपट्टी लावा. पट्टी फटीपेक्षा जेमतेम १-२ मिमी जाड हवी. त्याहून जाड घेतली की दार नीट लागत नाही, रोज दाबून दाबून बिजागरीचे स्क्रू ढिले होतात. चौकट ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. धुळीवर चिकटवलेली पट्टी लगेच लोंबायला लागते. सरकत्या खिडकीला मात्र फोम नको, घासून त्याचा भुगा होतो. तिथे ब्रशसारखी केसाळ पट्टीच टिकते.

गॅस गिझर असेल तर बाथरूमचा झरोका कधीही बुजवू नका. कोंडलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि तो जीव घेतो. खरं तर हा गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा. विजेच्या साठवणीच्या गिझरचं तापमान ६० अंशांवर ठेवा. गरम व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर क्षार साचलेले असू शकतात. साफ करून घ्या.

कपाटं बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंमी पुढे ओढा, नाहीतर मागे ओल धरून बुरशी येते. रजयांना ऊन दाखवायचं ते दोन्ही बाजूंनी.