बेसबॉलच्या सामन्याचा अंदाज कसा बांधावा आणि तो चाहत्यांपुढे कसा मांडावा

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. २००१ साली सिॲटल मरिनर्सने त्यांपैकी ११६ सामने जिंकले, तरीही ४६ गमावले. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले, जो आधुनिक काळातील पराभवांचा उच्चांक आहे, आणि तरीही त्यांनी ४१ सामने जिंकलेच. ज्या खेळात सर्वोत्तम संघ इतका हरतो आणि सर्वांत दुबळा संघ इतका जिंकतो, तेथे ‘उद्या आमचाच संघ जिंकणार’ या वाक्यातून प्रेम कळते, पण खेळाविषयी फारसे काही कळत नाही. अंदाज सामन्यापूर्वी लिहिलेला असावा, टक्क्यांत असावा आणि त्यामागे कारण असावे. या तीन अटी पाळल्या की चाहत्यांमधील चर्चेला खरी गोडी येते. नऊ इनिंग, इनिंगच्या प्रत्येक अर्ध्यात तीन बाद, एवढी तोंडओळख असलेल्या वाचकाला तो अंदाज टप्प्याटप्प्याने कसा बांधता येईल, हे पुढे सांगितले आहे.

आधी स्कोअरकार्ड भरायला शिकावे

आकडेवारीकडे वळण्यापूर्वी काही सामने हातात पेन्सिल घेऊन पाहावेत. बेसबॉलची धावपत्रिका रुजवणारे हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडमधील एक्सेटरचे आणि आधी क्रिकेटचे वार्ताहर होते, त्यामुळे क्रिकेटची धावपत्रिका वाचणाऱ्या मराठी माणसाला ही नोंदवही परकी वाटणार नाही. मैदानावरील प्रत्येक जागेला एक क्रमांक असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे चेंडू पकडणारा) २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ६, आणि बाहेरच्या भागात डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर दिला आणि तेथून तो पहिल्या बेसवर जाऊन दोघे बाद झाले, तर पत्रिकेत ६-४-३ असे लिहितात.

२०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे लीगच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना असाच एका नोंदीवर संपला. टोरांटोत अकराव्या इनिंगमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स ५-४ असे पुढे होते. यजमान ब्लू जेजचे खेळाडू पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर होते आणि एकच गडी बाद झाला होता. अलेहांद्रो कर्कची बॅट मोडली आणि चेंडू शॉर्टस्टॉप मुकी बेट्सकडे आला. त्याने दुसऱ्या बेसवरच्या सहकाऱ्याची वाट न पाहता स्वतःच बेसवर पाय टेकवला आणि पहिल्या बेसवर फ्रेडी फ्रीमनकडे चेंडू फेकला. म्हणून या डबल प्लेची (एकाच चेंडूवर दोघे बाद) नोंद ६-४-३ अशी न होता ६-३ अशी होते. हा बारकावा हाताने लिहिणाऱ्याच्याच लक्षात राहतो, आणि त्यावरून बोलणारा चाहता लगेच ओळखू येतो.

संघाचे बळ धावांच्या फरकावरून मोजावे

विजय-पराजयांचा तक्ता सर्वांनाच दिसतो, परंतु त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. संघाचे खरे बळ पाहायचे तर त्याने किती धावा केल्या आणि किती दिल्या, हे पाहावे. यासाठी बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडलेले सूत्र आजही सर्वांत सोपे आहे. केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा, दिलेल्या धावांचा वर्ग घ्यावा, दोन्हींची बेरीज करावी आणि पहिल्या वर्गाला त्या बेरजेने भागावे. येणारे उत्तर म्हणजे संघाच्या विजयांचे अपेक्षित प्रमाण.

२०२३ साली सॅन डिएगो पाद्रेजने ७५२ धावा केल्या आणि ६४८ दिल्या. सूत्राप्रमाणे त्यांचे सुमारे ९३ विजय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात झाले ८२. एका धावेच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत ते ९ जिंकले आणि २३ हरले, तर जादा इनिंगच्या सामन्यांत २ जिंकले आणि १२ हरले. याच्या उलट उदाहरण २०१२ च्या बॉल्टिमोर ओरिओल्सचे आहे. ७१२ धावा करून आणि ७०५ देऊन त्यांच्या वाट्याला सुमारे ८२ विजय यायला हवे होते, पण आले ९३, कारण एका धावेच्या सामन्यांत ते २९-९ आणि जादा इनिंगमध्ये १६-२ होते. पुढच्या वर्षी काय घडले? हुआन सोटोसारखा फलंदाज न्यूयॉर्क यांकीजकडे गेलेला असतानाही पाद्रेजने २०२४ मध्ये ९३ सामने जिंकले, आणि ओरिओल्स २०१३ मध्ये ८५ वर आले. अटीतटीचे सामने जिंकण्याचा हातखंडा एखाद्या संघाला कायमचा लाभल्याचे क्वचितच दिसते. म्हणून कोणी ‘आमच्या संघाला शेवटच्या क्षणी जिंकायची सवयच आहे’ असे म्हटले, तर त्या संघाच्या धावांचा फरक आधी विचारावा. मला हा एक प्रश्न सर्वांत उपयोगी वाटतो.

खेळाडूंच्या बाबतीतही हीच सावधगिरी लागते. ज्या फलंदाजाची खरी सरासरी ०.२७० आहे, त्याला १०० संधींत २७ हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, मिळायला हवेत, परंतु केवळ योगायोगाने हा आकडा २३ ते ३१ यांच्या दरम्यान सहज हेलकावतो. तेव्हा दोन आठवड्यांच्या सरासरीवरून कोणाला ‘फॉर्मात’ किंवा ‘संपलेला’ ठरवू नये. त्यापेक्षा तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) किती होतो, वॉक (चार चुकीच्या चेंडूंबद्दल फुकट मिळणारा पहिला बेस) किती मिळवतो आणि चेंडू किती जोरात मारतो, हे पाहावे. चेंडूचा बॅटवरून सुटतानाचा वेग २०१५ पासून स्टॅटकास्ट यंत्रणेमुळे लीगच्या सर्व मैदानांवर मोजला जातो आणि तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो.

त्या दिवसाचे घटक तपासावेत

संघाचे बळ कळले तरी सामना त्या दिवशीच्या माणसांनी खेळायचा असतो, आणि त्यांत पहिला मान सुरुवातीच्या पिचरचा. साधारणपणे पाच पिचर पाळीपाळीने सामना सुरू करतात, त्यामुळे एकच संघ सोमवारी आणि मंगळवारी अगदी वेगळा असू शकतो. पिचरच्या नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी पाहण्याची रीत जुनी आहे, पण तिच्यात क्षेत्ररक्षकांचे गुणदोषही मिसळलेले असतात. मैदानात पडलेल्या चेंडूचा हिट होईल की कोणी तो पकडेल, यावर पिचरचे नियंत्रण आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळच कमी असते, हे विश्लेषक व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ च्या सुमारास दाखवून दिले आणि विश्लेषणाची दिशाच बदलली. तेव्हापासून जाणते चाहते पिचरच्या तीन गोष्टी आधी पाहतात: स्ट्राइकआउट, वॉक आणि दिलेले होम रन (थेट सीमेपार जाणारे फटके).

त्यानंतर बुलपेन, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या पिचरांचा (रिलीव्हरांचा) ताफा, पाहावे. मागील तीन दिवसांत कोणत्या रिलीव्हरने किती चेंडू टाकले, हे त्या सामन्यांच्या धावपत्रिकांत मिळते. आदल्या रात्री सामना जादा इनिंगमध्ये गेला असेल, तर आज चांगले हात दमलेले असण्याची शक्यता मोठी असते. फलंदाजांच्या यादीत डावरे किती आणि उजवे किती, हेही मोजावे, कारण बहुतेक फलंदाज विरुद्ध हाताच्या पिचरपुढे अधिक चांगले खेळतात.

मैदान विसरू नये. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि वळणारा चेंडू कमी वळतो. २००२ पासून तेथे चेंडू आर्द्रता राखणाऱ्या खोलीत ठेवतात, तरीही ते फलंदाजांचेच मैदान राहिले आहे. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडे सुमारे ११ मीटर उंचीची भिंत आहे. इतरत्र झेल होणारे काही उंच फटके तेथे भिंतीवर आदळून दोन बेसचे हिट होतात, आणि इतरत्र होम रन होणारे काही सपाट फटके ती भिंत अडवते. घरच्या मैदानाचे आकडे पाहताना हे ध्यानात घेतले नाही, तर सारे विश्लेषण फसते.

भारतात राहून हा खेळ पाहणाऱ्यांना येथे एक सोय आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. सुरुवातीचे पिचर सहसा आधीच जाहीर झालेले असतात, त्यामुळे रात्री जेवणानंतर निवांत बसून अंदाज लिहावा आणि सकाळच्या चहाबरोबर तो पडताळावा.

टक्का ठरवावा

दोन संघांची तुलना करण्यासाठीही बिल जेम्स यांचेच एक सूत्र वापरतात. पहिल्या संघाचे विजयाचे प्रमाण अ आणि दुसऱ्याचे ब मानावे. अ मधून अ आणि ब यांचा गुणाकार वजा करावा. मग अ आणि ब यांच्या बेरजेतून त्याच गुणाकाराची दुप्पट वजा करावी आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागावे. समजा, एका संघाचे अपेक्षित प्रमाण ०.६०० आहे आणि दुसऱ्याचे ०.४५०. गुणाकार ०.२७०, म्हणून वरचा आकडा ०.३३० आणि खालचा ०.५१०. भागाकार सुमारे ०.६५, म्हणजे तटस्थ मैदानावर पहिल्या संघाला ६५ टक्के संधी.

घरचा संघ दीर्घकाळच्या सरासरीत सुमारे ५४ टक्के सामने जिंकतो, म्हणून बळकट संघ घरी असेल तर चारेक टक्के वाढवावेत आणि पाहुणा असेल तर तेवढेच कमी करावेत. पिचरच्या आणि बुलपेनच्या फरकासाठी आणखी काही टक्के इकडेतिकडे करावेत, मात्र ७० च्या वर जाताना दोनदा विचार करावा. वर्षभराचे सामने पाहिले तर इतका एकतर्फी सामना विरळाच.

मांडणी करावी

चाहत्यांपुढे ठेवायचा अंदाज तीन-चार वाक्यांचा असला तरी पुरतो. पहिल्या वाक्यात संघ आणि टक्का, दुसऱ्यात सर्वांत वजनदार कारण, तिसऱ्यात आपल्या विरुद्ध जाणारे सर्वांत बळकट कारण, आणि शेवटी कोणती गोष्ट बदलली तर आपण मत बदलू, एवढे सांगावे. आपल्या आवडत्या संघाविषयी लिहिताना तिसरे वाक्य आधी लिहावे, म्हणजे मन आपोआप ताळ्यावर येते.

याचा अर्थ जिव्हाळा लपवावा असा नाही. १०८ वर्षे वाट पाहून २०१६ साली शिकागो कब्जने विजेतेपद मिळवले तेव्हा, किंवा २००४ साली बॉस्टन रेड सॉक्सने यांकीजविरुद्ध ०-३ असे मागे पडूनही मालिका फिरवली तेव्हा, लोक टक्केवारीमुळे रडले नव्हते. असा जिव्हाळा वेगळ्या परिच्छेदात मोकळेपणाने मांडावा, आणि तोही ‘काय सामना झाला!’ एवढ्यावर न थांबता एखाद्या खेळीचे नेमके वर्णन करून मांडावा. कोणता चेंडू होता, कोण कोठे उभे होते, कोण कधी धावू लागले, हे लिहिले की वाचणाऱ्यालाही तो सामना दिसतो. दुसऱ्याचा अंदाज चुकला म्हणून त्याला टोमणे मारणे मात्र कटाक्षाने टाळावे. ६५ टक्क्यांचा अंदाज शंभरांत पस्तीस वेळा चुकणे हे त्या अंदाजातच लिहिलेले असते. पैशांच्या पैजाही यात आणू नयेत. पैसा आला की माणूस खेळाऐवजी स्वतःचा तोटा पाहू लागतो.

हिशेब ठेवावा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि म्हणूनच तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हवामानाचे अंदाज तपासण्यासाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली सुचवलेली पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडते. संघ जिंकला तर १ आणि हरला तर ० धरावा, त्यातून आपला अंदाज वजा करावा आणि उत्तराचा वर्ग करावा. ०.६० म्हटले आणि संघ जिंकला तर दोष ०.१६, हरला तर ०.३६. ०.९० म्हटले आणि हरला तर दोष थेट ०.८१. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० टक्के म्हणणाऱ्याची सरासरी ०.२५ येते, म्हणून आपली सरासरी त्याखाली राहिली तरच आपल्या अभ्यासाचा काही उपयोग झाला असे समजावे. हे पाहायला शंभराहून अधिक सामने हवेत, आणि १६२ सामन्यांच्या मोसमात त्यांची वानवा नाही.

ऑक्टोबरसाठी गणित बदलावे

२०२२ पासून १२ संघ मोसमानंतर ऑक्टोबरमधील बाद फेरीत जातात. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचांची आणि पुढच्या दोन सातांची असते. मालिका छोटी असली की बळकट संघाचा वरचष्मा आक्रसतो. एका सामन्यात ५५ टक्के संधी असलेला संघ तीन सामन्यांची मालिका ५७-५८ टक्के वेळा जिंकतो आणि सातांचीही जेमतेम ६१ टक्के वेळा. २०२३ साली शंभर किंवा अधिक सामने जिंकलेले अटलांटा ब्रेव्हज, बॉल्टिमोर ओरिओल्स आणि लॉस एंजेलिस डॉजर्स हे तिन्ही संघ पाच सामन्यांच्या फेरीतच गारद झाले, आणि वर्ल्ड सिरीज ९० विजयांचा टेक्सास रेंजर्स आणि ८४ विजयांचा ॲरिझोना डायमंडबॅक्स यांच्यात झाली.

शिवाय मधल्या विश्रांतीच्या दिवसांमुळे संघ चौथ्या-पाचव्या पिचरला बाजूला ठेवून आपले सर्वोत्तम हात अधिक वापरतात. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये योशिनोबु यामामोतोने सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून विजय मिळवला आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात पुन्हा येऊन शेवटचे आठ गडी बाद होईपर्यंत मारा केला. जूनमध्ये असे काही घडत नाही. म्हणून बाद फेरीपूर्वी प्रत्येक संघाचे पहिले तीन पिचर आणि दोन-तीन खात्रीचे रिलीव्हर एवढ्यांचीच वेगळी यादी करावी, संघाच्या वर्षभराच्या आकड्यांपेक्षा तिला अधिक वजन द्यावे, आणि प्रत्येक मालिकेचा टक्का पहिला चेंडू पडण्याआधी तारखेसह वहीत नोंदवावा.