आई-वडिलांना जर्मनीला बोलावताना: शेंगेन व्हिसाची तयारी

मुलगा किंवा मुलगी जर्मनीत नोकरीला असेल, तर आई-वडिलांची पहिली भेट बहुधा शेंगेनच्या, म्हणजे आपसांतील सीमांवर नेहमीची तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, अल्प मुदतीच्या व्हिसावर होते. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीपूर्वी मुंबई-पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्रांत वेळ मिळणे अवघड जाते, म्हणून मे महिन्यातील प्रवासाची तयारी जानेवारीतच सुरू करावी. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात, परंतु ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते.

प्रथम पासपोर्ट तपासावा. परतीच्या तारखेनंतर तो किमान ३ महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, मुक्कामाच्या सर्व दिवसांचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात लागू होणारा हवा. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुन्या आजारांवरील खर्च अनेक पॉलिसींतून वगळलेला असतो. वयस्कर प्रवाशांसाठी स्वस्त हप्त्यापेक्षा ही अट आधी वाचणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

खर्च मुले उचलणार असतील, तर त्यांनी आपल्या शहरातील परदेशी नागरिक कार्यालयातून ‘फेरप्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ हे हमीपत्र घेऊन त्याची मूळ प्रत भारतात पाठवावी. त्यामुळे पैशाचा प्रश्न सुटतो, विम्याचा मात्र सुटत नाही, आणि आई-वडील परत येतील याची खात्रीही त्यातून मिळत नाही. ती खात्री पेन्शनची कागदपत्रे, बँकेची नियमित खातेउतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, घर किंवा शेतीची मालकी यांतून द्यावी लागते. सातबारा मराठीत असतो, तेव्हा त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात मोठी रक्कम भरल्याने बळकटी येत नाही, उलट ती कोठून आली हा प्रश्न उभा राहतो. फाइल जाड असण्यापेक्षा निमंत्रणपत्र, विमा, तिकिटाचे आरक्षण आणि अर्ज यांतील तारखा व नावांची स्पेलिंग एकमेकांशी जुळणे अधिक मोलाचे आहे.

शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. केंद्राचा सेवाआकार वेगळा. बोटांचे ठसे मागील ५९ महिन्यांत दिले असतील, तर ते पुन्हा वापरता येतात.

व्हिसा हाती आल्यावर सर्वाधिक गोंधळ होतो तो वैधतेचा कालावधी आणि मुक्कामाचे दिवस यांत. स्टिकरवरील दोन तारखांमध्ये एक वर्षाचे अंतर असले, तरी राहण्याची मुभा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचीच असते, आणि स्टिकरवर त्याहून कमी दिवस लिहिले असतील, तर तोच आकडा अंतिम. पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही मोजला जातो. १ मे रोजी उतरून २९ जुलै रोजी निघालेल्या व्यक्तीचे ९० दिवस पूर्ण होतात. व्हिसा बहुप्रवेशाचा आणि वैध असला तरी तिला २८ ऑक्टोबरपूर्वी पुन्हा जाता येत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर ठसे व छायाचित्र घेऊन नोंद करणारी संगणकीय प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाल्यामुळे जादा मुक्काम आपोआप लक्षात येतो. नातवंडाच्या जन्मासाठी जाणाऱ्या आजीने बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेभोवती हे दिवस आधीच मोजून ठेवावेत.

व्हिसा असला तरी प्रवेशाचा निर्णय सीमेवरील अधिकारी घेतो. निमंत्रणपत्र, हमीपत्राची प्रत, विमा आणि परतीचे तिकीट हातातील पिशवीतच ठेवावे. मुलाचा पत्ता व फोन क्रमांक कागदावर लिहून द्यावा, कारण फ्रँकफर्टला उतरताना आईचा मोबाइल चालू असेलच असे नाही.

अर्ज नाकारला गेल्यास शुल्क परत मिळत नाही, मात्र कारण लेखी कळवले जाते. जर्मनीने दूतावासाकडे फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली असल्याने न्यायालयात दाद मागणे किंवा नवा अर्ज करणे हेच मार्ग उरतात. नवा अर्ज करताना पत्रातील नेमक्या कारणाला उत्तर देणारा कागद नव्याने जोडावा. तीच फाइल तशीच पुन्हा देऊ नये.