वजन उतरल्यावर पोळी कधी वाढवायची?

रोजच्या गरजेपेक्षा साधारण ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरतं. सुरुवात तेलापासून करा. चहाच्या चमचाभर तेलात ४०-४५ कॅलरी असतात. मिसळीच्या तर्रीचं तर विचारूच नका! वजन घटलं की शरीराची गरजही घटते, म्हणून काटा अडला तर हिशेब नव्याने मांडा.

हवं ते वजन आलं म्हणून लगेच मस्तानीवर तुटून पडू नका. दर आठवड्याला रोजच्या खाण्यात १००च कॅलरी वाढवा, म्हणजे साधारण एक पोळी. सुरुवातीला काटा थोडा वर जाईल, ते बहुतेक पाणीच असतं. वजन स्थिरावलं की वाढवणं थांबवा. पर्वती चढणं मात्र सोडलंत, तर ती पोळी परत काढावी लागेल. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.